चुकणारा पाय

बूट आले तेव्हा मी ताईच्या पडद्यांच्या दुकानात होते.

खोका साधा, पांढरा. ताईनं कात्रीनं चिकटपट्टी कापली. आतला पातळ कागद नीट घडी करून बाजूला ठेवला. मग बूट काढले. काळे, जाड तळव्याचे. डाव्या बुटाचा तळ उजव्यापेक्षा जाड होता, पण तो फरक इतक्या सफाईनं लपवला होता की मुद्दाम पाहिल्याशिवाय कळला नसता.

तिनं ते घातले. शिलाई मशीनला धरून उभी राहिली. मग हात सोडला.

दुकान लांबट आहे. मागे कापडाचे गठ्ठे, समोर काच. ती मागून काचेपर्यंत चालत गेली आणि परत आली. आमच्या इमारतीत मी खाली राहते, ती वरच्या मजल्यावर. तिच्या चालण्याचा आवाज मला जिन्यातून पाठ होता. एक पाय पडायचा, मग जरा थांबून दुसरा. ते थांबणंही दर वेळी सारखं नसायचं. आज नुसता आवाज होता. टप, टप, टप. कुणाच्याही पायांचा असतो तसा.

ती थांबली आणि फरशीकडे बघत राहिली.

"अगं एमए," ती म्हणाली, "ही फरशी सपाट आहे की गं."

"म्हणजे?"

"मला वाटायचं मालकानं मुद्दाम उतार ठेवलाय. पाणी वाहून जायला."

मी हसले. ती हसली नाही. खुर्चीत बसली आणि दोन्ही हातांनी कंबर दाबून पाहिली. रोजची दुखरी जागा कुठे गेली, हे शोधत असल्यासारखी. मग तोंड फिरवून तिनं मशीनखालचं कापड उगाच सरळ केलं. मी काचेबाहेर बघितलं.

ती लहानपणी भिंतीवरून पडली होती. हाड जुळलं, पण आखूड जुळलं. "घाईत शिवलेल्या बाहीसारखं," असं ती सांगते. डाव्या पायाचा हिशेब कंबर चुकता करते, आणि संध्याकाळपर्यंत कंबर हात टेकते. दिवसभर ती पडद्यांना चुण्या घालते, अस्तर लावते, खालच्या दुमडीत वजनाची साखळी शिवते म्हणजे पडदा वाऱ्यावर उडत नाही. पेडल उजव्या पायाखाली. डावा पाय मशीनच्या आडव्या पट्टीवर टेकवलेला.

मला ती एमए म्हणते, कारण मी साहित्यात एमए केलं आणि त्याचं पुढे काय करायचं हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. "तुझं ते सर्टिफिकेट आण एकदा," ती म्हणते, "अस्तर लावून देते. निदान ऊन तरी अडेल."

तिचा धाकटा भाऊ मोटारींचं वाइंडिंग करतो. सगळे त्याला वायरमन म्हणतात. ती बारक्या म्हणते, तो तिच्यापेक्षा हातभर उंच असूनही.

त्यानंच फळी काढली. म्हणजे आज ज्याला सगळं जग फळी म्हणतं ते संगीत. तेव्हा त्याला नाव नव्हतं.

आमच्या गल्लीच्या टोकाला सुतारकाकांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक मोठी खोली, करवतीचं यंत्र, भिंतीला टेकवलेले प्लायवूडचे ताव, आणि मध्यभागी जाड फळ्यांचा एक बुटका चौथरा. त्याच्यावर कपाटं जोडतात. रविवारी कारखाना बंद. वायरमननं काकांना विचारून त्या चौथऱ्याला खालून जुन्या बझरच्या पितळी चकत्या चिकटवल्या. चकत्यांच्या वायरी एका पत्र्याच्या डब्यात. डब्यातून दोन मोठे स्पीकर. चौथऱ्यावर कुणी पाय ठेवला की डब्याला कळायचं. पाय जसे पडतील तसा ठोका डबा धरायचा आणि त्याच्याखाली एक जाड, मोटारीसारखा घुमणारा सूर सोडायचा. तो सूर कानांना नंतर कळायचा, आधी पोटात कळायचा.

नाचणारे डब्याचं ऐकायचे. डबा नाचणाऱ्यांचं ऐकायचा. दोघंही एकमेकांवर सोपवून मोकळे.

त्यातच गोम होती. कुणीतरी जरा घाई केली की डबा घाई करायचा, मग सगळे घाई करायचे, मग डबा आणखी. बघता बघता तो उधळायचा. पाय पुरे पडायचे नाहीत, सूर किंचाळायला लागायचा, शेवटी वायरमन धावत जाऊन प्लग ओढायचा. प्रत्येक रविवार असाच संपायचा. सगळे धापा टाकत, काका शिव्या देत.

एका रविवारी ताई भावाला जेवायला बोलवायला आली. तो चौथऱ्याच्या पलीकडे. कडेनं जायला जागा नव्हती, सगळीकडे अर्धवट कपाटं. ती चौथऱ्यावरूनच निघाली. डबा तेव्हा उधळायच्या बेतात होता. तिचे पाय पडले तसा तो गोंधळला. एक ठोका त्यानं गिळला. सगळ्यांचा तोल गेला. काका शेजारच्याच्या अंगावर कोसळले. आणि मग तो सूर पुन्हा खालून, सावकाश, नव्यानं सुरू झाला.

खोलीत एकच आरडाओरडा झाला. आनंदाचा. ताईला वाटलं, आपण काहीतरी मोडलं.

"वायर तुटली का रे बारक्या?"

"ताई, परत चाल."

"अरे जेवण गार होतंय."

"होऊ दे गार. परत चाल!"

त्या गिळलेल्या ठोक्याला नंतर ठेच म्हणायला लागले. आणि ताईला खीळ. दर रविवारी ती चौथऱ्याच्या एका कोपऱ्यात उभी राहायची. डबा पळायला लागला की ती त्याच्या आड पाय आपटायची. कुठे आपटायचा हे तिनं कधी ठरवलं नाही. "ठरवलं तर तो बरोबरच पडेल ना," ती म्हणायची. ठेच लागायची, सगळे लडखडायचे, ओरडायचे, पुन्हा उभे राहायचे. लोक त्या लडखडण्यासाठीच यायचे. मी नाचायचे नाही. मी दाराशी चहाचे ग्लास सांभाळत उभी असायचे आणि तिच्याकडे बघायचे. दुकानात ती पाय लपवते. इथे तोच पाय सगळे जीव मुठीत धरून ऐकत असायचे.

मग कुणीतरी फोनवर चित्रण केलं. ते पसरलं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

रविवारी कारखान्याबाहेर रांग लागायला लागली. काकांच्या एका कपाटाचं दार गर्दीनं मोडलं. मग कंपनीच्या बाई आल्या. संगीताच्या मोठ्या कंपनीत त्या नवं शोधायचं काम करतात. नीटनेटक्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी बूट काढून चौथऱ्यावर पाय ठेवला आणि खालून सूर आला तेव्हा त्या लहान मुलीसारख्या दचकल्या. मला त्या आवडल्या.

कंपनीनं डब्याचं सॉफ्टवेअर केलं. फोनमध्ये फळी. त्यात ठेचेचं एक बटण. नाही दाबलं तरी ठरावीक ठोक्यांनंतर ठेच आपोआप लागते. कधीच उधळत नाही. शांपूच्या जाहिरातीत फळी आली, व्यायामशाळेत आली. काका दाताच्या डॉक्टरकडे गेले तर लिफ्टमध्ये फळी.

"लिफ्टमध्ये, बरं का," काका सांगत होते. "आणि ठेच लागली तेव्हा मी घाबरून कठडा धरला. म्हटलं दोर तुटला."

"पसरतंय हे चांगलंच आहे ना काका," वायरमन म्हणाला. "आपल्यापुरतं ठेवून काय लोणचं घालायचंय त्याचं?"

"पसरू दे की. मी कुठे नाही म्हणतो? मला पुढची काळजी आहे. आज हे डोक्यावर घेतील. वर्षाभरानं दुसरं काहीतरी येईल, मग हे शिळं. आणि तेव्हा आपण इथे नाचत असलो ना, तर म्हणतील, बघा, अजून तेच धरून बसलेत."

"तेव्हाचं तेव्हा बघू."

"तेव्हा तू कुठे असशील बाबा? विमानात."

वायरमन चिडला नाही. हसला. पण दुसऱ्या दिवशी त्यानं कंपनीबरोबर दौरा करायचं ठरवलं आणि ताईलाही घेतलं. खीळ नसेल तर फळी कसली, असं तो कंपनीच्या बाईंना म्हणाला आणि त्यांनी लगेच मान्य केलं. इतक्या लगेच की मला ते खटकलं.

बूट त्या बाईंनीच करून दिले. तालमीच्या मधल्या सुट्टीत ताई भिंतीला टेकून कंबर दाबताना त्यांनी पाहिलं. कुणी न सांगता त्या तिला डॉक्टरकडे घेऊन गेल्या. पायाचा साचा घेतला. हे मुद्दाम लिहिते, कारण नंतर काका त्यांना बरंच काही बोलले, आणि ते खरं नव्हतं. त्यांनी बूट दिले ते ताईला दुखत होतं म्हणून.

आणि दुखणं थांबलं. तिनं जिना कठड्याला न धरता चढायला सुरुवात केली. पूर्वी ती बाजारातून येताना मध्ये दोनदा टेकायची, ते बंद झालं. एकदा मी तिला रस्ता ओलांडताना धावताना पाहिलं. धावताना! पलीकडे पोचल्यावर ती स्वतःच चकित होऊन मागे बघत होती.

पहिल्या मोठ्या कार्यक्रमाला मी गेले. उघडं मैदान होतं. सूर्य अजून मावळायचा होता, तरी दिवे लागले होते. मी रंगमंचाच्या मागच्या बाजूला उभी होते. वायरमनपुढे चकचकीत टेबल. ताईसाठी वेगळी छोटी फळी, कडेनं दिवे लावलेली. कानात बटणासारखा छोटा स्पीकर. तिनं मला आधी तो कानाला लावून दाखवला होता. आत नुसतं टिक, टिक, टिक, टिक. ठेच आली की कुणाचातरी आवाज सांगायचा, आता. मग ती पाय आपटायची. सगळ्या तालमीभर ती हेच करत आली होती.

गर्दीला ते केव्हा येणार हे माहीत होतं. सगळ्यांनी फोनवर ऐकलेलं. ठेच जवळ आली तसे हजारो लोक श्वास धरून थांबले आणि मग एकदम, एकाच क्षणी, लडखडले. एकही पाय मागे राहिला नाही. कवायतीसारखं. आणि सगळे हसत होते, खूश होते. माझ्या अंगावर काटा आला. तो कशाचा होता, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

कार्यक्रमानंतर मागच्या खोलीत वायरमन ताईजवळ येऊन बसला. बराच वेळ पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत राहिला.

"ताई, एक सांगू? रागावू नको."

"तुझी फळी जोडलेली नाही, हेच ना?"

त्याचा झाकणावरचा हात थांबला.

"अरे, वायर मागे लोंबत होती. आयुष्य पडद्यांच्या दोऱ्या बघण्यात गेलं माझं. लोंबणारी दोरी मला दिसत नाही होय?"

"कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या तालमीपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझं तोंड बघून." ती बुटांची नाडी सैल करत होती. "असू दे रे. इथली फळी खोटी तर खोटी. काकांकडची खरी आहे ना? दौरा संपला की रविवारी जाऊ."

मला त्या वेळी ती फार शहाणी वाटली. तिच्यासाठी सोपं होतं ते. खरं एका जागी सुरक्षित आहे, असं तिला वाटत होतं. मलाही.

दौरा संपला. पहिल्याच रविवारी आम्ही काकांकडे गेलो. काकांनी चौथरा झाडून ठेवला होता. जुने सगळे आले होते, काही नवेही. वायरमननं टेबलावरचा पत्र्याचा डबा पुसला, वायरी जोडल्या. पाय पडले. खालून तो सूर आला आणि मला हायसं वाटलं. ताई तिच्या कोपऱ्यात, बूट घालून. मी दाराशी, ग्लास घेऊन.

नव्यांना दम धरवत नव्हता. डबा लवकरच पळायला लागला. काकांनी ताईकडे पाहिलं. तिनं मान हलवली आणि पाय आपटला.

काहीच झालं नाही.

तिनं पुन्हा आपटला. डबा आणखी जोरात निघाला. तेव्हा मला दिसलं. तिचा पाय बरोबर पडत होता. ठोक्यावर. अगदी मध्यावर, खिळ्याच्या डोक्यावर हातोडी बसावी तसा. तिनं थांबून पाहिलं, उशिरा आपटून पाहिला, लवकर आपटून पाहिला. उशिराही बरोबर येत होता. पाय स्वतःच जाऊन ठोक्यावर बसत होता. टिक, टिक, टिक, टिक. ती डब्याला अडवत नव्हती, मदत करत होती.

तिनं आपटणं थांबवलं.

सूर किंचाळायला लागला. नव्या लोकांना वाटलं, हे असंच असतं. ते आणखी जोरानं नाचायला लागले. चौथरा थरथरत होता, जमीन थरथरत होती. भिंतीला टेकवलेले प्लायवूडचे ताव खालून सरकायला लागले. एक मुलगी त्यांच्याकडे पाठ करून नाचत होती. मी ओरडले. माझा आवाज मलाही ऐकू आला नाही.

"ताई, बूट काढ!" वायरमन टेबलामागून ओरडला. "ताई! बूट काढ!"

काका सगळं अंग लावून प्लायवूडला भिडले होते. त्यांनीही मान वळवून तिच्याकडे पाहिलं. जुने सगळे पाहत होते. तिच्या पायांकडे. प्लग ओढायचं कुणालाच सुचलं नाही.

ती वाकली नाही. चौथऱ्यावरून उतरली, गर्दीतून सरळ चालत गेली आणि भिंतीवरचं मुख्य बटण बंद केलं.

सगळं थांबलं. कानात नुसती शिट्टी. एक ताव घसरून त्या मुलीच्या टाचेमागे पडला, तिला न लागता. काका तसेच भिंतीला चिकटून धापा टाकत होते.

"बूट का नाही काढलेस?" वायरमन विचारत होता. "क्षणभर काढायचे होते गं. कुणी मेलं असतं इथे."

"म्हणून तर बंद केलं."

"पण बूट—"

"बारक्या," ती म्हणाली, "तुम्हाला सगळ्यांना माझं लंगडणं आवडतं. मला नाही आवडत. मला कधीच आवडलं नव्हतं. मी फक्त उभी राहायचे."

मी ग्लास खाली ठेवले. मनातल्या मनात मीही ओरडले होते, बूट काढ. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, एवढंच बरं झालं.

त्या आठवड्यात मी रोज संध्याकाळी दुकानात जात होते. ती काम करत होती, पण मध्येच पेडलवरचा पाय उचलून थांबायची. एकदा दार आतून लावून घेतलं आणि मला म्हणाली, "बघ हं." बूट काढले आणि मागून काचेपर्यंत अनवाणी चालली. एक पाय, थांबणं, दुसरा. जुनंच चालणं. पण थांबणं आता दर वेळी सारखं होतं. तिलाही ते ऐकू येत होतं.

"बघितलंस? बूट काढून उपयोग नाही. ती टिकटिक आत जाऊन बसलीये." ती हसायचा प्रयत्न करत होती. "शहाण्या पायाला परत वेडं कसं करायचं, हे तुमच्या एमएत शिकवतात का गं?"

"नाही."

"मग काय शिकवतात?"

वायरमननं एक उपाय काढला होता. कंपनीची छोटी चिप डब्यात बसवायची. मग डबा कधीच उधळणार नाही. ठेच आपोआप लागेल. रविवार चालू राहील, कुणाला इजा होणार नाही.

"मग फोन काय वाईट होता?" काका म्हणाले. "मी आपला लिफ्टमध्ये जाऊन नाचतो."

"मग दुसरं काय करू सांगा ना काका! खीळ नाही. खिळीशिवाय डबा लावला तर एक दिवस छत खाली येईल. चिप नाही म्हणता. मग बंद करू का? बंद करू?"

तेव्हा ताई म्हणाली, "येत्या रविवारपर्यंत थांब. नाही जमलं तर घाल तुझी चिप."

तिनं लोक तपासायला सुरुवात केली. काकांना उभं करून पाहिलं, पण काकांचा पाय फारच तयार. जुन्यांपैकी एकेकाला पाहिलं. इतकी वर्षं नाचून सगळ्यांचे पाय पक्के झालेले. नव्यांना तर ठेच पाठच होती, ते जाहिरातीतल्यासारखे एकदम लडखडायचे. शनिवारी संध्याकाळी ती खाली माझ्या दाराशी आली.

"उद्या तू उभी राहा."

"मी? ताई, मी कधी नाचले नाही."

"माहीत आहे."

"मला ताल नाही गं. शाळेत कवायतीतून काढलं होतं मला."

"अगं, तेच तर म्हणतेय मी."

रविवारी मी तिच्या कोपऱ्यात उभी राहिले. ती शेजारी, बूट घालून. मुख्य बटणापाशी काकांनी आधीच एकाला उभं केलं होतं. सूर आला तो पायांतून वर, दाराशी कधी आला नव्हता असा. डबा पळायला लागला तेव्हा ती माझ्या कानाशी आली.

"विचार करू नको. आपट."

मी आपटला. मला वाटलं होतं ठोक्यावर पडेल. तो कुठेतरी भलतीकडेच पडला. डबा अडखळला. एक ठोका गिळला. सगळी खोली माझ्याबरोबर कोलमडली. काका त्याच शेजाऱ्याच्या अंगावर पडले आणि इतक्या जोरात ओरडले की त्यांना खोकला लागला. वायरमन टेबलामागे दोन्ही हात डोक्यावर धरून हसत होता. रडतही होता बहुतेक.

पुढेही जमलं. कुठे आपटते आहे हे मला कळत नव्हतं आणि त्याचंच मला बरं वाटत होतं. मग एकदा ठेच जरा उशिरा लागली. मग एकदा दोनदा आपटावं लागलं. ताई वाकून माझ्या पायांकडे बघत होती. तिनं माझा दंड धरला.

"जपून गं एमए. यायला लागलाय."

"काय?"

"ताल."

वायरमननं चिप बसवली नाही. या रविवारपुरती तरी नाही.

परत येताना आम्ही दोघीच होतो. मी विचारलं, "ताई, मी किती दिवस पुरेन?"

"बघू. मग दुसरं कुणीतरी शोधू."

"आणि सगळेच शिकले तर? लिफ्टमध्ये, दवाखान्यात, सगळीकडे तेच वाजतंय. लहान मुलांचे पाय आतापासूनच ठोक्यावर पडतात. मग कुणाला शोधणार?"

जिना आला. ती पुढे, कठड्याला न धरता. टप, टप, टप. मी मागे. माझ्याही पावलांचा आवाज मला पहिल्यांदाच ऐकू येत होता. तो तिच्या पावलांत मिसळून गेला होता. कोणता कुणाचा, ते सांगता आलं नसतं.

मी एक पायरी चुकवली. मुद्दाम.

ती वर थांबली आणि वळून बघितलं. आधी माझ्या पायांकडे, मग माझ्याकडे. आम्हा दोघींनाही ते एकदम कळलं होतं. आता मला मुद्दाम चुकावं लागत होतं.